एका नळावर चार घागरी



या आठवड्याच्या पत्रांच्या गठ्ठ्यात सातवीतल्या एका मैत्रिणीचे पत्र आहे. ती लिहिते, ‘काका, बाबांनी नवा लॅपटॉप आणला. पण त्याला यूएसबीचे पोर्ट दोनच! माऊस लावला, प्रिंटर लावला की संपलं. दादाला त्याची हार्ड डिस्क लावायची असते, मला चित्रं काढायची डिजिटल पाटी. रोज भांडण होतं. आई म्हणते, एक हब घेऊन टाका. दुकानात गेलो तर एक हब अगदी स्वस्त आणि दुसरा त्याच्या तिप्पट किमतीचा. दिसायला दोन्ही सारखेच! मग महाग का घ्यायचा?’

प्रश्न लाखमोलाचा आहे. उत्तर देण्याआधी माझ्याच हातून झालेली एक चूक सांगतो.

माझी आई, म्हणजे आमच्या घरातल्या मुलांची आजी, जात्यावरच्या ओव्या फार सुरेख म्हणायची. एका मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या भाचीने रोज दुपारी तिच्यासमोर फोन ठेवून त्या ध्वनिमुद्रित केल्या. अशा चौदा फाइल्स झाल्या. त्या माझ्या संगणकावर होत्या, आणि फक्त तिथेच होत्या. पुढच्या वर्षी आई गेली. काही महिन्यांनी संगणकातली जागा भरत आली म्हणून मी एक बाहेरची हार्ड डिस्क आणली. पोर्ट अपुरे होते, तेव्हा सोबत एक स्वस्तातला हबही आणला. हबला कीबोर्ड, माऊस, वेबकॅम आणि ही डिस्क, असे चौघे जोडले. फाइल्स निवडल्या, ‘कट’ केल्या आणि डिस्कवर ‘पेस्ट’ केल्या. काम अर्ध्यावर आले आणि डिस्कमधून टक्, टक् असा आवाज येऊ लागला. पडद्यावरून डिस्कचे चित्र नाहीसे झाले, पुन्हा आले, पुन्हा गेले.

जाणकाराकडे नेली. त्याने आठ दिवस खटपट केली. अकरा फाइल्स परत मिळाल्या. तीन मिळाल्या नाहीत.

‘डिस्क खराब निघाली का हो?’ मी विचारले. ‘डिस्क ठणठणीत आहे,’ तो म्हणाला, ‘तिला वीज पुरली नाही. तुमचा हब बघू.’

दुकानदाराने मला फसवले नव्हते, बरं का! हबच्या खोक्यावर सगळे छापलेले होते. मीच ते वाचले नव्हते. तुम्ही वाचावे म्हणून आजचा हा लेख.

आधी थोडा इतिहास

तुमच्या आईबाबांना विचारा, जुन्या संगणकाच्या पाठीमागे काय काय असायचे! कीबोर्डला गोल खोबण, माऊसला निराळी, प्रिंटरला ती पंचवीस टाचण्यांची लांबलचक. एकाची पिन दुसऱ्याला लागायची नाही. नवे यंत्र जोडले की संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागे. हा गोंधळ मिटवण्यासाठी १९९४ मध्ये सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचे पहिले नियम प्रसिद्ध झाले. इंटेल कंपनीत या कामात पुढाकार घेणारे अभियंते अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले आहेत.

यूएसबी म्हणजे युनिव्हर्सल सीरियल बस. यातल्या ‘बस’चे आपल्या लाल एस.टी.शी काय नाते, असे वाटले ना? नाते आहे! दोन्ही शब्द ‘ऑम्निबस’ या लॅटिन शब्दातून आले. त्याचा अर्थ ‘सर्वांसाठी’. एस.टी. सर्वांसाठी, तशी ही तारही सर्वांसाठी.

वर्ग आणि हजेरी

यूएसबीचा कारभार अगदी तुमच्या वर्गासारखा चालतो. संगणक म्हणजे गुरुजी. माऊस, प्रिंटर, डिस्क हे विद्यार्थी. नियम असा, की गुरुजींनी विचारल्याशिवाय कुणी बोलायचे नाही! ‘माऊस, काही सांगायचंय?’ असे संगणक विचारतो, आणि साध्या माऊसला तो हे सेकंदाला साधारण १२५ वेळा विचारतो. माऊस हलला असेल तर तो तेव्हा सांगतो.

नवे यंत्र जोडले की आधी त्याचा क्रमांक शून्य असतो. मग संगणक त्याची चौकशी करतो आणि त्याला हजेरीपटावरचा क्रमांक देतो. हा पट १ पासून १२७ पर्यंत. १२७ च का? कारण क्रमांक लिहायला सात बिट आहेत. दोनचा सातवा घात १२८, त्यातून नवागतासाठी राखलेला शून्य वजा केला की उरले १२७. हबलाही स्वतःचा क्रमांक लागतो, म्हणजे तोही पटावर आला.

आणि हब करतो काय? तो वर्गातला मॉनिटर! त्याच्या पोर्टात कुणी आले, कुणी गेले, हे तो संगणकाला कळवतो आणि दोन्ही बाजूंचे निरोप पोचवतो. एका हबला दुसरा, त्याला तिसरा असेही जोडता येते, पण नियमाप्रमाणे एका रांगेत जास्तीत जास्त पाच.

मग पंचाईत कुठे होते? निरोपांत नाही. विजेत.

नळ एकच, घागरी चार

तळमजल्यावरच्या नळाला धो धो पाणी आणि चौथ्या मजल्यावर नुसती करंगळीएवढी धार, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. वर आणखी दहा नळ बसवले म्हणून पाणी वाढेल का? नाही ना! खालून येईल तेवढेच सगळ्यांत वाटले जाणार.

हबचेही तसेच. यूएसबी २.० च्या एका पोर्टातून ५ व्होल्टला जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर वीज मिळते. हब स्वतःच्या पोटासाठी १०० पर्यंत ठेवतो. उरले ४०० आणि पोर्ट चार. प्रत्येकाच्या वाट्याला किती? बरोबर, १००! यूएसबी ३.० च्या पोर्टातून ९०० मिलिअँपिअर मिळतात, पण वाटणी तीच.

आता माझ्या घरचा हिशेब करा. माऊस आणि कीबोर्ड यांना प्रत्येकी १०० धरू. वेबकॅमला त्याहून जास्त. आणि फिरत्या तबकडीच्या लहान डिस्कला एकटीलाच ५०० ते ९००, त्यातही सुरू होताना तबकडीला गती द्यायला सर्वात जास्त. बेरीज कुठल्या कुठे गेली! नळाची धार बारीक झाली, व्होल्ट घसरले, तबकडीची गती पडली, ती थांबली. वीज आली, पुन्हा फिरू लागली, पुन्हा थांबली. तो टक्, टक् आवाज उपाशी डिस्कचा होता.

म्हणून हबचे दोन प्रकार लक्षात ठेवा. पहिला संगणकाच्याच विजेवर जगणारा, म्हणजे तुमच्या पत्रातला स्वस्त हब. दुसरा स्वतःचा अ‍ॅडॉप्टर घेऊन येणारा, भिंतीतल्या सॉकेटमधून वीज आणणारा. त्याला गच्चीवर स्वतःची टाकी आहे! किमतीतला फरक बहुतेक याच टाकीचा असतो.

वाटही एकच

आता वेग. यूएसबी २.० चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. आठ बिट म्हणजे एक बाइट. भागा बरे! ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात त्याहूनही बरेच कमी मिळतात, कारण गुरुजींच्या विचारपुशीतही वेळ जातोच. हबला पोर्ट चार असले तरी संगणकाकडे जाणारी केबल एकच. चार गल्ल्यांतल्या सायकली एकाच बोळातून निघाल्या, की गर्दी होणारच. त्यामुळे हबवर दोन डिस्क जोडून एकीतून दुसरीत फाइल्स पाठवल्या, तर त्या निम्म्या वेगाने जातात.

यूएसबी ३.० हे २००८ साली आले. वेग ५००० मेगाबिट. जुन्या पोर्टात चार संपर्कपट्ट्या असतात, यात नऊ. पाच नव्या पट्ट्या नव्या वेगासाठी आणि जुन्या चार जुन्यांसाठी. म्हणजे ३.० च्या हबच्या पोटात खरे तर दोन हब नांदत असतात, आणि हळू चालणारा माऊस वेगवान डिस्कच्या वाटेत येत नाही. मात्र हा हब संगणकाच्या २.० पोर्टाला जोडला, तर सगळा कारभार २.० च्याच वेगाने चालतो.

एक गंमत सांगतो. ३.० च्या पोर्टाशेजारी बिनतारी माऊसचा तो इवलासा तुकडा लावलात, की कधीकधी माऊस अडखळतो. माऊस बिघडलेला नसतो! ३.० च्या तारांतून निघणारा गोंगाट बिनतारी माऊसच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत मिसळतो. तुकडा दूरच्या पोर्टात लावा किंवा छोट्या केबलने जरा लांब न्या. माऊस पुन्हा सुतासारखा सरळ!

दुकानात जाताना

पाच गोष्टी वहीत उतरवा.

१. आधी यादी करा. कोण कोण जोडणार, आणि कुणाला किती वीज लागते? डिस्कच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेले असते. ‘५ व्होल्ट ०.८५ अँपिअर’ म्हणजे ८५० मिलिअँपिअर. प्रिंटरची स्वतःची पिन भिंतीत असते, त्याला हबकडून वीज जवळजवळ लागतच नाही.

२. खोक्यात अ‍ॅडॉप्टर आहे का, ते उघडून पाहा. काही हबना अ‍ॅडॉप्टरची खोबण असते, पण खोक्यात अ‍ॅडॉप्टरच नसतो!

३. अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करा. उत्तर वॉटमध्ये येते. ३.० चे चारही पोर्ट पूर्ण चालायचे तर ९०० गुणिले ४, म्हणजे ३.६ अँपिअर. त्याला ५ ने गुणले की १८ वॉट. अ‍ॅडॉप्टर ‘५ व्होल्ट १ अँपिअर’ एवढाच असेल, तर टाकी आहे पण कळशीएवढी! अ‍ॅडॉप्टरवर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, तेही पाहा. आणि घरातला दुसराच अ‍ॅडॉप्टर पिन बसते म्हणून हबला कधीही लावू नका. व्होल्ट जुळले नाहीत तर हबसह सगळ्यांची राख!

४. टाइप-सी ही पिनेच्या आकाराची गोष्ट आहे, वेगाची नाही. आकार नवा आणि वेग जुना २.० चा, असेही हब मिळतात. खोक्यावर वेग वाचा.

५. घरी आणल्यावर संगणक पूर्ण बंद ठेवून फक्त हबचा अ‍ॅडॉप्टर सुरू करा. संगणकावरचा एखादा दिवा पेटला, तर हब वीज उलटी संगणकात ढकलतो आहे. असा हब परत करा.

मग कोणता घ्यायचा?

आता आपल्या मैत्रिणीचे उत्तर. तुला फक्त माऊस, डिजिटल पाटी, प्रिंटर आणि अधूनमधून एखादा पेन ड्राइव्ह जोडायचा असेल, तर स्वस्त हब अगदी पुरेसा आहे. बाबांचे पैसे वाचव. मग दादाची डिस्क? ती लॅपटॉपच्याच एका पोर्टात सरळ लाव आणि बाकी सगळे दुसऱ्या पोर्टावरच्या हबला दे. भांडणही मिटले! पण दोन डिस्क एकदम लावायच्या असतील, किंवा डिस्क कायम हबवरच राहणार असेल, तर महागाचाच घे, अ‍ॅडॉप्टरसकट. तिथे काटकसर करू नकोस.

काय म्हणालात? ‘काका, मग तुमचा हब फेकून दिलात का?’ छे! त्याला आजही कीबोर्ड आणि माऊस जोडलेले आहेत, आणि तो निमूट काम करतो आहे. त्याच्या ताकदीबाहेरचे ओझे मीच त्याच्यावर टाकले होते.

करून पाहा

या रविवारी घरातल्या सगळ्या यूएसबी वस्तू टेबलावर मांडा. प्रत्येकीच्या पाठीवरचा आकडा भिंगातून वाचा, तक्ता करा, बेरीज करा. आईबाबांनाही जवळ बसवा, चष्मा लावून! मग ती बेरीज ४०० च्या आत येते का, ते मला पत्राने कळवा.

आणि मुलांनो, एक शेवटचे. जी गोष्ट पुन्हा मिळणार नाही, तिला ‘कट’ करू नका. ‘कॉपी’ करा, दुसऱ्या जागी गेलेली फाइल उघडून पाहा, वाजवून पाहा, आणि मगच पहिली पुसायची की नाही ते ठरवा. शक्यतो पुसूच नका. आमच्या आजीच्या अकरा ओव्या आता तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. उरलेल्या तिन्हींतली एक माझ्या भाचीला तोंडपाठ होती. ती परवा तिने स्वतःच्या आवाजात म्हटली. तीही ठेवली आहे.

तुमचा,
काका