आयुथयातली पेज

बालदोस्तांनो, गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी थायलंडमधल्या आयुथया शहरात गेले होते. नाव ओळखीचं वाटतं ना? आपल्या अयोध्येवरूनच ते पडलंय! १३५० साली वसलेली ही सयामची राजधानी १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने जाळली. आता तिथे पडकी देवळं आहेत.

पाहायला एकच दिवस, आणि नेमकं आदल्या रात्री माझं पोट बिघडलं. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. मनात आलं, दोन वर्षं पैसे साठवले ते काय खोलीचं छत बघायला? पण वर्गात तुम्हाला शिकवते, ते आधी स्वतः करायला नको? एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. (मीठ त्याहून जास्त नाही हं!) घोट घोट पीत पडून राहिले. दुपारी मालकीणबाईंनी 'जोक' आणून दिलं. विनोद नव्हे, तांदळाची मऊ पेज! अगदी आजीच्या हातची वाटली.

चार वाजता जरा तरतरी आली. यादीतली सगळी देवळं खोडली, एकच ठेवलं : वाट महाथात. तिथे झाडाच्या मुळांनी वेढलेलं बुद्धाचं दगडी शिर आहे. फोटो काढताना आपलं डोकं त्याच्याहून वर असू नये, म्हणून सगळे खाली बसतात. मीही बसले. आणि मग उठवेचना! शेजारच्या एका शाळकरी मुलीने हात दिला.

"खोप खुन खा," मी म्हटलं. म्हणजे धन्यवाद. एवढंच थाई मला येत होतं. ती खुदकन हसली, आणि फाटकापर्यंत तिने माझा हात काही सोडला नाही.