सावडीचा गडी

फराळाचे ताट समोर असताना जायबंदी खेळाडूंची गोष्ट काढणे बरे नव्हे. पण आमच्या घरी यंदा चकलीपेक्षा हाच विषय अधिक चघळला गेला. संघाचा मुख्य गडी पडला, तर बाहेरचा आणावा की घरचा उभा करावा?

चिरंजीवांचे म्हणणे, आणावा. त्यांचा दाखला आयपीएलचा. 2025 मध्ये चेन्नईचा कर्णधार, आपला पुण्याचा ऋतुराज गायकवाड, कोपराचे हाड मोडल्याने बाहेर पडला. त्याचा भाव 18 कोटी. त्याच्या जागी विरारचा 17 वर्षांचा आयुष म्हात्रे 30 लाखांत आला आणि बंगळूरविरुद्ध त्याने 48 चेंडूंत 94 धावा ठोकल्या. दाखला बिनतोड खरा. मात्र चेन्नईचा संघ तरीही तळालाच राहिला, हे चिरंजीव सांगत नाहीत.

हाच वाद मी इंदापूर तालुक्यातल्या बावड्याला ऐकला होता. तिथे कोटींचा प्रश्न नव्हता, वर्गणीचा होता. गावच्या कबड्डी संघातला चढाईचा हुकमी गडी सरावात गुडघा धरून बसला. सामने आठ दिवसांवर. वर्गणीतून बाहेरचा एक तयार खेळाडू आणावा, असे कारभाऱ्यांचे मत पडले. "सर, तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा," म्हणून मला मध्ये ओढले. (मराठीच्या प्राध्यापकाला चढाईतले काय कळते, हे कोणी विचारले नाही. बहुधा आदरापोटी.) बाजूला संघातला राखीव पोरगा उभा होता. दोन वर्षे तो संघाबरोबर हिंडत होता, पाणी देत होता, पिशव्या सांभाळत होता. त्याच्याकडे कोणी पाहतही नव्हते.

एवढ्यात एक वृद्ध अण्णा म्हणाले, "अरं, सावड केली तर आपला बैलबी दुसऱ्याच्या रानात राबतोय. फुकट कुठं काय मिळतंय?"

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. एकेक बैल असलेले दोन शेतकरी आपापले बैल एकत्र जुंपून आळीपाळीने एकमेकांचे रान नांगरतात, ती सावड. तिच्यात घेण्याबरोबर देण्याचाही हिशेब असतो. खेळाडूंच्या अदलाबदलीत नेमका तोच विसरला जातो.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये ही सावड राजरोस चालते. तयार खेळाडू घ्यायचा आणि तालमीतले कोवळे पोर द्यायचे. ऑगस्ट 1987 मध्ये डेट्रॉईटच्या संघाला चेंडू फेकणारा कमी पडत होता. त्यांनी डॉयल अलेक्झांडर हा मुरलेला गडी आणला. त्याने 9 सामने जिंकून दिले, एकही गमावला नाही. संघ गटात पहिला आला आणि पुढच्याच फेरीत मिनेसोटाकडून हरला. बदल्यात दिलेले पोर 20 वर्षांचे, त्याच मिशिगन राज्यात वाढलेले. नाव जॉन स्मोल्ट्झ. तो अटलांटाकडून 2008 पर्यंत खेळला आणि 2015 मध्ये त्या खेळातल्या थोरांच्या पंक्तीत जाऊन बसला. डेट्रॉईटला मिळाले जेमतेम तीन हंगाम!

चेन्नईने म्हात्रेसाठी आपले पोर कोणाला दिले नव्हते, हा फरक चिरंजीवांनी ध्यानात घ्यावा.

आणि पडलेल्या गड्याचे काय? मार्च 2024 मध्ये प्रो कबड्डी जिंकणाऱ्या पुणेरी पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार त्याच वर्षीच्या पुढच्या हंगामात जायबंदी झाला. पलटण बाद फेरीत पोहोचली नाही. तरी संघाने अस्लमला सोडले नाही. 2025 मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली पलटण अंतिम सामन्यात उतरली. तिथे दिल्लीने 3 गुणांनी हरवले, ते असो.

बावड्याला मी म्हणालो, आणा बाहेरचा, पण घरात कोणीच नसेल तर. शिवाय भाडोत्री गड्याला द्यायचे पैसे आधी त्या गुडघ्याला लागतील. कारभारी नाराज झाले. अण्णांनी मात्र मान हलवली.

राखीव पोरगा पहिल्याच चढाईत बाद झाला. दुसऱ्या सामन्यात त्याने 4 गुण आणले. तिसऱ्यात संघ हरला. गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढे अकलूजला झाली, निम्मा खर्च वर्गणीतून निघाला.