‘घरचं’ म्हणजे नक्की कोणाचं?

‘‘आई, अगदी हॉटेलसारखा झालाय गं!’’ दुसरा तुकडा ताटात ओढता ओढता आमच्या चिरंजीवांनी मला प्रशस्तिपत्रक देऊन टाकलं. सकाळी साडेनऊपासून दुपारी पावणेदोनपर्यंत मी ओट्याशी उभी होते. मे महिना, गॅस विझतो म्हणून पंखा बंद, पदराला मैद्याचे हात पुसलेले. मुलानं कौतुक केलं म्हणजे खरं तर आनंदच व्हायला हवा. झालाही. पण मनात कुठेतरी काहीतरी खुपलं ते खुपलंच.

आता मुळापासूनच सांगते. चिरंजीव पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. सुट्टीत घरी आले की पहिले दोन दिवस पिठलं-भाकरी, भरली वांगी, थालीपीठ आठवून आठवून मागून खायचं आणि तिसऱ्या दिवशी ‘काय गं तेच तेच’ म्हणून तोंड वाकडं करायचं, हे ठरलेलं. या वेळची फर्माईश होती लझान्याची. मित्राच्या वाढदिवसाला तिकडे कुठेतरी खाल्ला होता म्हणे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, लझान्या म्हणजे पास्त्याच्या पातळ पोळ्या, दाट रस्सा, व्हाइट सॉस आणि चीज यांचे थरावर थर लावून भाजलेला इटालियन पदार्थ. आमच्या तालुक्याच्या गावात चीज मिळतं, पण लझान्याच्या तयार पट्ट्या विचारल्या तर दुकानदार म्हणाला, ‘‘वहिनी, त्यापेक्षा नूडल्स देऊ का?’’

‘‘मग पोळ्या घरीच लाटू या,’’ मी म्हटलं. त्यावर आमच्या ह्यांचं नेहमीचंच, ‘‘कशाला एवढा खटाटोप? जाईल की तो पुण्याला आणि खाईल तिथे.’’ एवढं ऐकल्यावर माघार घेणाऱ्यांतली मी नव्हे!

करायचंच तर नीट माहिती काढून करावं, ही माझी सवय. व्हाइट सॉसचा जो लझान्या आपण ओळखतो त्याचं माहेर उत्तर इटलीतलं बोलोन्या शहर. तिथे पोळी पालक घालून हिरवीगार करतात आणि खिम्याचा रस्सा, त्याला ते ‘रागू’ म्हणतात, मंद आचेवर दोन-दोन तास शिजू देतात. या पदार्थांचा त्यांना एवढा अभिमान, की तिथल्या पाककला अकादमीनं 1982 साली रागूची आणि 2003 साली हिरव्या लझान्याची कृती बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवून ठेवली आहे. खाली नेपल्सला गेलं की लझान्या पुन्हा वेगळा. तो तिथे कार्निव्हलच्या सणाला करतात, त्यात रिकोटा चीज आणि खिम्याचे छोटे छोटे गोळे घालतात. आपल्याकडे घरागणिक आमटी बदलते ना, तसंच!

आमच्याकडे मात्र पहिली अडचण आली अंड्याची. बोलोन्याकडे शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडं घालून पीठ मळतात. आमचं देवघर स्वयंपाकघरातच. सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, नातवासाठी काय हवं ते कर, पण माझ्या ओट्यावर अंडं नको.’’ पुढे वाचलं तेव्हा कळलं की दक्षिण इटलीत अंडं न घालताही पास्ता करतात. नुसता ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी. आणि ड्युरम म्हणजे आपला बन्सी गहू! हे सांगितल्याबरोबर सासूबाई सावरून बसल्या. ‘‘म्हणजे आपल्या शेवयांचाच गहू की! मग त्यात काय एवढं? आण इकडे परात.’’

दोनशे ग्रॅम मैदा, शंभर ग्रॅम बारीक बन्सी रवा, चिमूटभर मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसं, साधारण दीडशे मिली, कोमट पाणी. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट, पुरीच्या पिठासारखं मळायचं आणि चांगलं दहा मिनिटं तिंबायचं. मग ओल्या फडक्याखाली पाऊण तास झाकून ठेवायचं, म्हणजे रवा फुलतो आणि लाटताना पोळी मागे ओढली जात नाही.

तेवढ्या वेळात रस्सा. खिम्याऐवजी मी अख्खे मसूर घेतले, वाटीभर, भिजवून मऊ शिजवलेले. दोन कांदे आणि दोन गाजरं अगदी बारीक चिरून तेलावर सावकाश परतायची, लसूण घालायचा, मग किलोभर लालबुंद टोमॅटोंचा गर आणि ते मसूर. मीठ, मिरपूड घालून मंद आचेवर तासभर तरी शिजू द्यायचं. घाई केली की टोमॅटोचा कच्चा आंबटपणा जात नाही. गरम मसाल्याच्या डब्याकडे हात जातो, तो आवरायचा! दुसरीकडे व्हाइट सॉस. साठ ग्रॅम लोण्यात साठ ग्रॅम मैदा मंद आचेवर परतायचा, लाल होऊ द्यायचा नाही, आणि पाऊण लिटर दूध थोडं थोडं ओतत हलवत राहायचं. वर किंचित जायफळ. इथे हात थांबला की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा.

पण खरी गंमत पोळ्या लाटण्यात. सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. मनगट दुखतं म्हणून चार वर्षं त्यांनी लाटणं हातात धरलं नव्हतं. त्या दिवशी स्टूल ओढून बसल्या आणि माझ्या दोन पोळ्या होईपर्यंत त्यांची एक झाली. पण काय ती पोळी! बोलोन्यात म्हणे पोळी खिडकीसमोर धरून बघतात. पलीकडच्या टेकडीवरचं सान लुकाचं देऊळ आरपार दिसलं तर ती जमली. मी सासूबाईंची पोळी दाराशी धरली, तर अंगणातलं तुळशीवृंदावन दिसलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पोळ्या चौकोनी कापून, उकळत्या मिठाच्या पाण्यात मिनिट-दीड मिनिट टाकून, गार पाण्यातून काढून ओल्या कापडावर पसरल्या. मग डब्यात रस्सा, पोळी, व्हाइट सॉस, किसलेलं चीज असे पाच थर. माझ्याकडे ओव्हन नाही. केक करतो तसंच कुकरच्या तळाशी मीठ पसरलं, वर जाळी ठेवली, शिट्टी आणि रिंग काढून टाकली आणि दहा मिनिटं तापवून डबा आत ठेवला. मंद आचेवर पाऊण तास लागला. ओव्हनमध्ये 180 अंशांवर साधारण तेवढाच वेळ लागतो आणि वरचा थर छान खरपूसही होतो, तो कुकरमध्ये होत नाही. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं हात लावायचा नाही, नाहीतर थर घसरतात.

सव्वाचार तासांचं काम बारा मिनिटांत फस्त झालं. आणि वर शेरा काय, तर ‘हॉटेलसारखा’!

इटलीत नेमकं उलटं आहे बघा. तिथले हॉटेलवाले अभिमानानं पाटी लावतात, ‘घरी केलेला पास्ता’. म्हणजे तिकडे हॉटेलवाला घराचं नाव सांगून माल खपवतो आणि आपण घरच्या पदार्थाला हॉटेलचं सर्टिफिकेट देतो. पण मैत्रिणींनो, ‘घरचं’ म्हटलं तरी माझं समाधान होत नाही. घर म्हणजे चार भिंती. भिंती काही पोळ्या लाटत नाहीत.

बोलोन्याकडे पोळ्या लाटणाऱ्या बाईला ‘स्फोलिना’ असा खास शब्द आहे. जवळच्याच रोमान्या भागात घरधनिणीला ‘आझदोरा’ म्हणतात, म्हणजे आपली कारभारीणच. शब्द केवढे मानाचे! पण पुस्तकांवर नावं कोणाची? 1891 साली फ्लॉरेन्समध्ये पेल्लेग्रिनो आर्तुसी या गृहस्थांनी स्वयंपाकावर एक पुस्तक काढलं. प्रकाशक मिळेना म्हणून पदरचे पैसे घालून. आधी रेशमाचा व्यापार केलेले, लग्न न केलेले गृहस्थ. पुस्तक वाढत वाढत 790 कृतींपर्यंत गेलं आणि इटलीत घरोघरी पोहोचलं. आता त्या कृती चुलीवर करून बघत होतं कोण? त्यांची स्वयंपाकीण मारिएत्ता साबातिनी आणि स्वयंपाकी फ्रांचेस्को रुफिल्ली. पुस्तकावर नाव मात्र एकट्या आर्तुसींचं.

तरी या गृहस्थांचं एक मला फार आवडलं. एका केकला त्यांनी मारिएत्ताचं नाव दिलं आणि 1911 साली वारले तेव्हा पुस्तकाचे हक्क या दोघांच्या नावे ठेवून गेले. नुसतं ‘वा, छान झालंय’ नाही, हिशेबात धरलं. आज आर्तुसींच्या जन्मगावी, फोर्लिंपोपोलीला, मारिएत्ताच्या नावानं बायकांची एक संस्था आहे. हातानं पास्ता कसा लाटायचा ते त्या शिकवतात.

हे सगळं डोक्यात घोळत असतानाच आमच्या बचत गटाची बैठक आली. विषय होता शेवयांचा भाव. आम्ही कागदावर गहू मांडला, दळण मांडलं, पिशव्या, लेबलं, रिक्षाभाडं मांडलं. बेरीज केली, वर थोडा नफा धरला. झाला भाव! मी विचारलं, ‘‘आणि आपले हात?’’ तर एक मैत्रीण अगदी सहज म्हणाली, ‘‘हात तर घरचेच आहेत की ताई.’’ सगळ्या हसल्या. मीही हसले असते, पण त्या दिवशी हसू येईना. आम्ही बायकाच आमचे हात फुकटात धरत होतो. मग गिऱ्हाईक घासाघीस करतं तेव्हा चिडायचं कुणावर? त्या दिवशी आम्ही कागदावर एक ओळ वाढवली, मजुरी. भाव वाढला. दोन गिऱ्हाइकं तुटलीसुद्धा, खोटं कशाला सांगू? पण ती ओळ आम्ही खोडली नाही.

ही काही माझ्या घरापुरती तक्रार नाही. केंद्र सरकारनं 2024 साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. बिनपगारी घरकामात बायकांचे दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात आणि पुरुषांची 88. त्यातही ही 88 मिनिटं फक्त घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी आहे. असे पुरुष शंभरात जेमतेम सत्तावीस! बाकीचे या हिशेबात आलेलेच नाहीत.

यावर दोन सल्ले मला नेहमी मिळतात. पहिला, ‘करूच नका, विकत आणा.’ दुसरा, ‘आईच्या हाताची चव! प्रेमानं केलेल्याचा कसला हिशेब?’ मला दोन्ही पटत नाहीत. विकत आणायला माझी ना नाही, दमलेल्या दिवशी जरूर आणावं. पण सासूबाईंची ती पोळी बघून झालेला आनंद मला विकत मिळाला नसता. पीठ मळावं, लाटावं, थर लावावेत, यात मजा आहे आणि ती मला सोडायची नाही. आणि प्रेमाचं म्हणाल, तर प्रेम एकट्या बाईलाच असतं का? खाणाऱ्यांनाही असेलच ना! मग तेही ओट्यापाशी दिसू दे. घरी मुळापासून करायचा पदार्थ असेल तर तो घरानं करावा. एकीनं करायचा आणि चौघांनी ‘घरचा’ म्हणायचं, हे काही खरं नाही.

तेव्हा चिरंजीवांनी जाण्याआधी पुन्हा लझान्या मागितला, तसं मी म्हटलं, ‘‘करू या की. पण तू टोमॅटो आणि मळणं घे, बाबा व्हाइट सॉस करतील.’’ ह्यांनी पेपर खाली ठेवून माझ्याकडे असं काही पाहिलं, की विचारू नका! पण आले. सॉसमध्ये गुठळ्या झाल्या, गाळणीनं गाळावा लागला. चिरंजीवांचं पीठ आधी सैल झालं, मग दगड झालं. सासूबाई स्टुलावर बसून ‘‘अरे, तळहातानं रेट, बोटांनी काय करतोस!’’ म्हणून नातवाला धारेवर धरत होत्या. मी दोन वेळा त्याच्या हातातून परात ओढून घ्यायला निघाले होते, तेवढ्यात मनगट धरून त्यांनी मलाच मागे बसवलं. सवय आपलीही सुटायला हवी ना!

वेळ लागला साडेपाच तास. थर घसरले, एका बाजूला जरा करपलासुद्धा. ताटात पहिला तुकडा पडल्यावर चिरंजीव म्हणाले, ‘‘आजी, पोळी मस्त झालीये.’’ मग थोड्या वेळानं, ‘‘बाबा, सॉस ठीक आहे.’’ हॉटेलचं नाव कोणी काढलं नाही. जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘आई, तू हे सगळं त्या दिवशी एकटीनं केलं होतंस?’’

मी म्हटलं, ‘‘आजीनं पोळ्या लाटल्या होत्या. बाकीचं मी.’’

तो उठला आणि चीज चिकटलेला तो डबा घासायला घेऊन गेला. तुमच्या घरी परवा जे काही ‘घरचं’ झालं असेल, पुरण असो, लोणचं असो की पिझ्झा, त्यात कोणाकोणाचे हात होते ते एकदा मोजून बघा. आणि मोजताना आपले स्वतःचे हात विसरू नका.