घरच्या ट्रॅक्टरला नकाशा नसतो

१९३० नंतरच्या मंदीत आणि पुढे महायुद्धात अमेरिकेतल्या लहान शेतकऱ्याला नवा ट्रॅक्टर परवडेना, मिळेना. मग तो जुनी फोर्ड मोटार कापी, चासी आखूड करी आणि मागे मोठी चाके बसवी. अशा ट्रॅक्टरला तिकडे ‘डूडलबग’ म्हणत.

त्याची खरी खुबी पोटात असे. पुष्कळजण एकामागे एक दोन गिअरबॉक्स जोडत. दोहोंनी वेग तिसऱ्या हिश्शावर आणला, की चाक नऊपट सावकाश फिरे आणि ओढ वाढे.

आज हौशी कारागीर त्यांच्या प्रतिकृती करतात. १:१६ प्रमाणात खरे सोळा इंच म्हणजे एक इंच. ‘मॉडेल टी’च्या पुढच्या-मागच्या चाकांतले १०० इंच अंतर सव्वासहा इंचांवर येते, पण कापलेल्या गाडीचे माप ती गाडीच सांगणार. कारखान्याच्या ट्रॅक्टरचा नकाशा असतो, घरच्याचा नसतो. तो भंगारात गेला, की करणाऱ्याची अक्कलही गेली.

तुमच्या वडिलांनी घरी केलेले एखादे अवजार कोपऱ्यात असेल, तर मोडीत घालण्याआधी त्याची मापे वहीत उतरवा.