मी इथेच बसते

आपल्याकडील कौटुंबिक सहलीत एक वाक्य हमखास ऐकू येते. गाडी थांबते, पुढे पायऱ्या किंवा पायवाट दिसते, आणि घरातील आई, काकू किंवा आजी म्हणते, "तुम्ही या जाऊन, मी इथेच बसते." आमच्या शेजारच्या काकू हेच कानडीत म्हणतात, "नीवु होगि बर्री, ना इल्ले कुंतिर्तीनि." मग डबे, पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या त्यांच्यापुढे ठेवून बाकीची मंडळी निघून जातात. बायकांना चालण्याची हौस नसते, असे आपण म्हणतो. माझ्या मते हा प्रश्न हौसेचा नाही. तो सोयीचा आहे, आणि घरातील कामाच्या वाटणीचाही आहे.

माझे हे मत पक्के झाले मे २०२४ मध्ये. माझी मावशी अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील फिनिक्स येथे राहते. तिने आई-बाबांना व मला बोलावले. तिच्या घरचे तिघे आणि आम्ही तिघे, असे सहाजण एका गाडीतून पाच दिवस फिरलो. ग्रँड कॅन्यन, झायन आणि ब्राइस कॅन्यन ही वाळवंटी पठारावरील तीन राष्ट्रीय उद्याने आम्ही पाहिली, आणि शक्य तेवढी पायी पाहिली.

ग्रँड कॅन्यन ही कोलोरॅडो नदीने कोरलेली सुमारे ४४६ किलोमीटर लांबीची आणि दीड किलोमीटरहून अधिक खोलीची दरी. तिच्या दक्षिण काठावर एक सपाट फरसबंदी वाट आहे. तिच्या काही भागात दर मीटरला जमिनीत एक धातूची खूण बसवली आहे. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षे, असा तिचा हिशेब; बाजूला त्या त्या काळचे दगड मांडले आहेत. आई ती वाट शेवटपर्यंत चालली. मध्येच तिने विचारले, "आमच्या संसाराची पंचवीस वर्षे यात कुठे बसतात रे?" मी हिशेब केला. एक मिलिमीटर म्हणजे हजार वर्षे. म्हणजे पंचवीस वर्षांना मिलिमीटरचा चाळीसावा भाग. "मग एवढा थकवा कशाचा आला?" असे म्हणून ती हसली आणि पुढे चालू लागली.

दरीत उतरणाऱ्या ब्राइट एंजल वाटेवर मी व मावसभाऊ अडीच किलोमीटर खालच्या विश्रांतिगृहापर्यंत गेलो. आई पहिल्या बोगद्यापर्यंत उतरून परत आली. उतरणे सोपे, चढणे अवघड, असा इशारा तेथे ठिकठिकाणी दिलेला आहे. त्यामुळे मधूनच परतण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. झायनमध्ये तर गंमत झाली. बाबांचा गुडघा दुखत होता, म्हणून ते बाकावर पिशवी घेऊन बसले, आणि आई नदीकाठची दीड किलोमीटरची वाट चालून, जिथे वाट संपून पाणी सुरू होते, तिथे पाय बुडवून आली. दोन्ही बाजूंना हजार फुटांचे तांबडे कडे उभे होते. बाबांना विशेष वाईट वाटलेले दिसले नाही.

माझी आई परदेशात गेली म्हणून धीट झाली, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. आपल्याकडच्या एका धबधब्यावर ती दिवसभर पाणी प्यायली नव्हती, कारण जवळपास स्वच्छतागृह नव्हते. पाणी न पिता उन्हात चालणार कोण? त्यापेक्षा झाडाखाली बसणे बरे. तिकडे वाटेच्या तोंडाशीच स्वच्छतागृह होते, पिण्याचे पाणी होते, टेकायला बाक होता. झायनच्या मुख्य दरीत २००० सालापासून हंगामात खाजगी गाड्या बंद असून उद्यानाच्या मोफत बसगाड्या फिरतात. थकलेला माणूस पुढच्या थांब्यावर चढून परत येऊ शकतो.

"त्यांच्याकडे पैसा आहे," हा दुसरा आक्षेप. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने तिकिटाकडे जरा निरखून पाहिले. त्या वर्षी तिन्ही उद्यानांत गाडीमागे ३५ डॉलर प्रवेशशुल्क होते. तीन ठिकाणचे १०५ झाले असते. मावशीने ८० डॉलरचा वार्षिक पास काढून २५ वाचवले. पण महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. २००४ च्या कायद्यानुसार या शुल्काचा बहुतांश भाग, साधारणपणे किमान ८० टक्के, जिथे जमा झाला तिथेच खर्च करायचा असतो. आपण पर्यटनस्थळी वाहनतळाचे पैसे देतो, पण त्यातले किती त्या जागेवर परत येतात हे विचारत नाही. ते विचारायला अमेरिकेइतके श्रीमंत असावे लागत नाही.

तिकडचे सगळेच अनुकरणीय आहे असेही नाही. जानेवारी २०२६ पासून या तिन्ही उद्यानांसह ११ उद्यानांत वार्षिक पास नसलेल्या परदेशी प्रौढांकडून माणशी १०० डॉलर जादा घेतले जातात. सोयींसाठी शुल्क घेणे मला मान्य आहे. परंतु दार इतके महाग केले की आत कितीही बाक ठेवले तरी साध्या कुटुंबाला त्यांचा उपयोग काय?

सरकारने काय करावे याची यादी लांबेल. पण आपल्या हातातले तरी आपण करावे. घरची सहल असो वा महाविद्यालयाची, ठिकाण ठरवण्यापूर्वी तेथे स्वच्छतागृह आहे का याची चौकशी करावी. चालण्याचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याने ठरवावा, आणि निम्म्यातून परतणाऱ्याला हसू नये. पिशव्या पाळीपाळीने सांभाळाव्यात. पहिली पाळी आपण मुलांनी घ्यावी. एवढे करूनही आई म्हणाली, "मी इथेच बसते," तर ती तिची खरी इच्छा समजून खुशाल पुढे जावे.