विश्लेषण : रात्री अकराला कुत्र्याला विषबाधा झाली, तर दारव्ह्यात जायचे कुठे?

महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय जुलै २०२४ मध्ये सुरू झाले आणि मुंबईतल्या कुत्र्या-मांजरांना चोवीस तास उपचारांची मोठी सोय मिळाली. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावीही घरोघरी कुत्री-मांजरी आहेत. पण तिथे रात्री प्राणी अत्यवस्थ झाला तर काय? सरकारी यंत्रणा कोणासाठी आहे, ती कुठे थांबते आणि घरच्यांनी तोवर काय करावे?

सरकारी दवाखाना आहे, मग अडचण काय?

राज्यात पशुवैद्यकीय दवाखान्यांचे जाळे जुने आहे. श्रेणी १ च्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी, म्हणजे पदवीधर पशुवैद्यक असतो. श्रेणी २ चा दवाखाना पशुधन पर्यवेक्षकाच्या भरवशावर चालतो. ही सारी मांडणी गाय, बैल, म्हैस, शेळी यांच्यासाठी झाली. लसीकरण, कृत्रिम रेतन, शिबिरे, शासकीय योजना यांत अधिकाऱ्याचा दिवस जातो.

पशुवैद्यकाच्या साडेपाच वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात कुत्रा-मांजरही शिकवले जाते. त्यामुळे प्रश्न डॉक्टरांच्या ज्ञानाचा कमी आणि साधनांचा व वेळेचा जास्त आहे. रक्ततपासणी, एक्स-रे, सोनोग्राफी, प्राणवायू, रात्रभर देखरेख हे तालुक्याला मिळणे अवघड. दवाखाना दिवसाचा असतो आणि आजार वेळ पाहून येत नाही.

१९६२ वर फोन केला तर?

पशुधन आरोग्य व रोग नियंत्रण कार्यक्रमांतर्गत केंद्र सरकारने फिरत्या पशुवैद्यकीय पथकांना मदत सुरू केली. १९६२ हा त्यांचा निःशुल्क क्रमांक. साधारण एक लाख पशुधनामागे एक वाहन हा निकष आहे. वाहनात एक पशुवैद्यक, एक सहायक आणि चालक असतो.

योजना उपयुक्त आहे, पण तिचा हेतू शेतकऱ्याच्या दारात उपचार पोहोचवणे हा आहे. अडलेल्या गायीसाठी गाडी तालुक्याच्या एका टोकाला गेली असेल, तर दुसऱ्या टोकाच्या कुत्र्याला थांबावे लागणार. तरीही फोन जरूर करावा. गाडी आली नाही तरी जवळ कोण उपलब्ध आहे ते विचारता येते.

मोठे रुग्णालय किती लांब?

दारव्ह्याहून यवतमाळ चाळीसेक किलोमीटर. अकोल्याची पशुवैद्यकीय संस्था शंभर किलोमीटरच्या पुढे. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासूनचे आणि विदर्भातले मोठे उपचारकेंद्र. पण तिथे पोहोचायला गाडीनेही काही तास लागतात. बसमध्ये आजारी कुत्रा घेऊन जाणे कठीण, खासगी गाडीचे भाडे परवडतेच असे नाही. काही आजारांत एवढा वेळ चालतो. विषबाधा, सर्पदंश, उष्माघात, नर मांजराची लघवी अडकणे किंवा मोठ्या कुत्र्याचे पोट फुगून पीळ पडणे, यांत चालत नाही.

या भागात धोका कशाचा?

यवतमाळ हा कपाशीचा जिल्हा. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्यावेळी चर्चा माणसांची झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण पोळ्याच्या आसपास फवारणी जोरात असते, तेव्हा फवाऱ्याचा पंप, रिकामा डबा, औषधाने भिजलेले कपडे अंगणातच असतात. कुत्रे ते चाटते.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारख्या ऑर्गॅनोफॉस्फेट औषधांनी लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येते, जुलाब होतात, अंग थरथरते आणि श्वास अडतो. अशा वेळी ॲट्रोपिन हे इंजेक्शन जीव वाचवू शकते. ते दुर्मीळ नाही, मात्र प्रमाण ठरवणारा डॉक्टर त्या घटकेला हवा.

उंदराच्या औषधांचे प्रकार वेगळे. झिंक फॉस्फाइड काही तासांतच मारते. ब्रोमॅडिओलोनसारखे औषध मात्र रक्त गोठू देत नाही आणि लक्षणे दोन-चार दिवसांनी दिसतात. त्यावर जीवनसत्त्व के-१ चा उपचार आहे. म्हणून प्राणी ठणठणीत दिसत असला तरी विषाचे पाकीट घेऊनच डॉक्टरांकडे जावे.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारी प्रतिविष लस प्राण्यांनाही देतात. कुत्रा लहान म्हणून तिची मात्रा कमी होत नाही, कारण मात्रा प्राण्याच्या वजनावर नव्हे, शिरलेल्या विषावर ठरते.

डॉक्टर मिळेपर्यंत घरी काय करावे?

आधी फोन, मग उपाय. मीठ पाजून उलटी काढू नये. मिठाचीच बाधा होऊ शकते. दूध-तुपाने विष उतरते हा समज चुकीचा आहे. स्निग्ध पदार्थांमुळे काही विषे उलट लवकर शोषली जातात. शुद्ध हरपत चाललेल्या प्राण्याच्या तोंडात काहीही ओतू नये, ते फुप्फुसात जाते. औषध अंगावर सांडले असेल तर हातमोजे घालून साबणाने धुवावे.

उष्माघातात प्राण्याला सावलीत घेऊन साध्या पाण्याने अंग भिजवावे, वारा घालावा आणि मग निघावे. सर्पदंशात चिरा देऊ नये, दोरी आवळू नये. प्राण्याला चालवत न नेता उचलून न्यावे. माणसाच्या गोळ्या तर देऊच नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

एक सावधगिरी विसरू नये. लाळ गळणे हे विषबाधेचे लक्षण आहे, तसे रेबीजचेही आहे. घशात काही अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नये. चावा झाला किंवा जखमेला लाळ लागली, तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच सरकारी रुग्णालय गाठावे.

रात्री ‘ओळखीचा माणूस’ बोलवावा का?

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला आहे. पदविकाधारकांना राज्य सरकार किरकोळ सेवांची परवानगी देऊ शकते, तीही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. विषबाधा किरकोळ सेवेत बसत नाही. पण दुसरे कोणी मिळतच नसेल तर लोक त्यालाच बोलावतात, हे वास्तव आहे. निदान त्याने डॉक्टरांना फोन लावूनच सुई टोचावी, असा आग्रह घरच्यांनी धरावा.

मग उपाय काय?

मुंबईच्या रुग्णालयाला सुमारे १६५ कोटी रुपये लागले. तसे रुग्णालय प्रत्येक तालुक्याला कोणी मागणार नाही. गरज आहे ती तालुक्यातल्या पशुवैद्यकांनी आळीपाळीने फोनवर उपलब्ध राहण्याची रात्रपाळी, तिचा क्रमांक दवाखान्याच्या आणि नगर परिषदेच्या फलकावर, ॲट्रोपिन, प्रतिविष, जीवनसत्त्व के-१ व सलाइनचा कायम साठा आणि अडल्यास नागपूर-अकोल्याच्या तज्ज्ञांचा फोनवर सल्ला. रात्रपाळी करणाऱ्याला भत्ता आणि वाहनही द्यावे लागेल, नाहीतर ती कागदावरच राहील.

जिथे बैलाला वेळेवर उपचार मिळत नाहीत, तिथे कुत्र्या-मांजरांचे लाड कशाला, असे कोणी विचारेल. पण गोठ्यातली शेळी तेच कीटकनाशक चाटते, धुऱ्यावरच्या बैलाला तोच साप चावतो आणि वेळही बहुधा रात्रीचीच असते. कुत्र्यासाठी मागितलेली रात्रपाळी बैलाच्याही कामी येईल. तोवर घरच्यांनी एक काम आजच करावे. जवळच्या पशुवैद्यकाचा क्रमांक दिवसा मागून घ्यावा आणि रात्री फोन केला तर चालेल का, हेही त्याच वेळी विचारून ठेवावे.