नोटिशीची मुदत संपल्यावर काय?

‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ हें लांबलचक नांव धारण करणारा कायदा ६ डिसेंबर २००८ पासून आपल्या राज्यांत लागू आहे. इमारतीच्या मालकानें अगर भोगवटादारानें आगीपासून बचावाचीं साधनें बसवावीं, तीं चालू स्थितींत ठेवावीं, आणि तसा परवानाधारक संस्थेचा दाखला दर साल जानेवारींत व जुलैंत सादर करावा, असें त्यांत स्पष्ट सांगितलें आहे. (हा दाखला देणारा मालकाच्याच पैशानें नेमलेला असतो, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.) उणीव आढळल्यास अधिकाऱ्यानें नोटीस द्यावयाची. ती न जुमानणाऱ्यास मूळ कायद्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणें निदान सहा महिने व फार तर तीन वर्षें कैद, आणि शिवाय २० ते ५० हजार रुपये दंड आहे.

तेव्हां कायदा मऊ आहे, असें कोणास म्हणतां येणार नाहीं. तरीहि २९ डिसेंबर २०१७ रोजीं मुंबईंत कमला मिलच्या आवारांतील गच्चीवरच्या उपाहारगृहांस आग लागून १४ माणसें मेलीं, तीं बहुतेक धुरानें गुदमरून! ९ जानेवारी २०२१ रोजीं भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत १० नवजात अर्भकें आगीनें दगावलीं. तें रुग्णालय तर खुद्द सरकारचें. जेथें सरकारच मालक, तेथें नोटीस कोणीं कोणास द्यावी?

दिल्लीच्या ‘उपहार’ चित्रगृहांत १३ जून १९९७ रोजीं ५९ प्रेक्षक प्राणांस मुकले. सज्ज्यांत जादा खुर्च्या बसवून बाहेर पडण्याची वाट अडविलेली होती. २०१५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दोघां मालकांस प्रत्येकीं ३० कोटी रुपये भरावयास लावून भोगलेल्या कैदेवर सोडलें. २०१७ सालीं फेरविचार होऊन त्यांपैकीं एकासच वर्षाची कैद पुरी करण्याचा हुकूम झाला. प्रेतें पडल्यानंतरचा न्याय असा वीस वीस वर्षें चालतो. ३६ व्या कलमाचें महत्त्व आम्ही मानतों तें याचकरितां, कीं त्यास प्रेत लागत नाहीं! हुकूम मोडला, एवढ्यानेंच गुन्हा पुरा होतो.

पण त्या कलमांतहि एक फट आहे. गुन्हा चालू राहिल्यास रोज तीन हजारांपर्यंत जादा दंड सांगितला आहे खरा. परंतु तो पहिली शिक्षा झाल्यानंतरच्या दिवसांचा. म्हणजे मुदत संपल्यापासून निकाल लागेपर्यंत जीं वर्षें जातात, त्यांचें भाडें मालकाच्या पेटींत, आणि दंड मात्र शून्य!

आमचे व्यापारी बंधू म्हणतील, जुन्या पेठांतील अरुंद वाड्यांत हीं साधनें बसवावयाचीं कशीं? तक्रार अगदींच खोटी नाहीं. ‘योग्य ती व्यवस्था करावी’ अशी मोघम नोटीस धाडणें हा अन्याय आहे. काय, कोठें व किती दिवसांत, हें तींत लिहिलें पाहिजे. पण जिन्यांत रचलेले मालाचे गठ्ठे आणि मागल्या दारास लावलेलें कुलूप यांची सबब कोणती? जिना मोकळा करण्यास एक हमाल व एक दुपार पुरे.

नगरपालिकांनीं आतां दोन गोष्टी कराव्या. मुदत संपलेली प्रत्येक नोटीस त्या त्या इमारतीच्या दर्शनी दारावर मराठींत चिकटवावी, आणि महिन्याचे आंत फिर्याद कोर्टांत दाखल करावी. सरकारानें रोजच्या दंडाची मोजणी नोटिशीच्या मुदतीपासून सुरू होईल अशी दुरुस्ती विधिमंडळापुढें मांडावी, आणि पहिली नोटीस स्वतःच्या रुग्णालयांवर बजावून घ्यावी.